सलोत्री साहेबांची रजा

हुमनाबादला मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. शेवटी शाळेच्या शिपायानं सांगितलं, "सलोत्र्याच्या घरी इचारा. तिथं समदं उलटंच असतंय." सलोत्री म्हणजे गुरांचा डॉक्टर. निजामाच्या काळात सरकारी कागदावर तोच शब्द होता, आणि पोलीस ॲक्शन होऊन सरकार बदललं तरी लोकांच्या तोंडातून तो गेला नव्हता.

मी गेले तेव्हा सलोत्री साहेब अंगणात उकिडवे बसले होते. पुढ्यात स्वच्छ धुतलेलं धोतर अंथरलेलं आणि त्यावर लोखंडाचे तेलकट तुकडे रांगेनं मांडलेले. पन्नाशीला टेकलेला उंच, हडकुळा माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि त्या विभूतीच्या वर सरकवून ठेवलेला लष्करी गॉगल. मी खोलीचं विचारलं. त्यांनी वर न बघता मलाच विचारलं, "बाई, तुमी आवाजाला भिता का?"

"कसल्या आवाजाला?"

"हिच्या." त्यांनी धोतरावरच्या लोखंडाकडं बोट केलं. "आत्ता गप हाय. जोडली की बोलती."

मी म्हटलं, नाही भीत.

"मग खोली तुमची. पण एक सांगतो, पावसाळ्यात पूर्वेकडचा कोपरा गळतोय. दोन वर्षं झाली, शाकारून घ्यीन म्हणालो, घेतला न्हाई. औंदा बी घ्यीन असं वाटत न्हाई."

आपल्या खोलीची अशी जाहिरात करणारा घरमालक मी तोवर पाहिला नव्हता. नंतरही पाहिला नाही. कोपरा गळायचा, हेही खरंच निघालं.

एवढ्यात आतून त्यांची बायको हात पुसत आली. गावातली मुलं-माणसं त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, इरकली लुगडं डोक्यावरून घट्ट ओढलेल्या. त्या सरळ धोतराजवळ बसल्या, रांगेतला एक तुकडा उचलून दुसऱ्या जागी ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, नरडं हितं कामून ठेवलाव? नरड्याच्या आधी चाळण असती." साहेबांनी निमूट मान हलवली. पेट्रोल जिथून इंजिनात उतरतं त्याला अक्का नरडं म्हणायच्या. ठिणगीच्या प्लगला काडी म्हणायच्या आणि आत वरखाली होणाऱ्या दट्ट्याला मुसळ. सिकंदराबादेला लष्कराच्या लिलावात घेतलेली ती जुनी मोटारसायकल दर रविवारी अशी सोलून, पुसून पुन्हा जोडली जायची. जोडून झाली की साहेब ती दोन टेकूंवर उभी करायचे, मागचं चाक अधांतरी राहायचं, आणि अक्का लुगड्याचा काष्टा मारून वर बसायच्या. लाथ मारून सुरू करायच्या, मूठ आवळून गिअर टाकायच्या, सोडायच्या. मागचं चाक हवेत गरगरायचं, कोंबड्या पळायच्या, गाडी जागची हलायची नाही. "आज किती मैल झाले?" मी एकदा गमतीनं विचारलं. "उदगीरपातूर जाऊन आले," अक्का गंभीरपणे म्हणाल्या. माझं माहेर उदगीरचं, म्हणून.

साहेबांना चार भाषा यायच्या आणि त्यांनी त्या वाटून टाकल्या होत्या. गुरांशी ते कानडीत बोलायचे, गुरांच्या मालकांशी मराठीत, वरच्या अधिकाऱ्यांशी उर्दूत, आणि मोटारसायकल अडून बसली तर तिला शिव्या तेलुगूत. लिलावाच्या वेळी एका तेलुगू मिस्त्रीकडून त्यांनी गाडीची दुरुस्ती शिकून घेतली होती, तिथंच त्या शिव्याही मिळाल्या असाव्यात. दवाखान्यात कुणी बैल घेऊन आला तर आधी बैलाला "बा अप्पा, बा", म्हणजे ये बाबा, ये, अशी हाक. मालकाकडं वळून बघणं बैलाची जीभ, डोळे, खूर बघून झाल्यावर. एका सावकारानं तक्रार केली की सलोत्री माणसाला रामराम घालत नाही. साहेब म्हणाले, "दुखतंय कुणाला? ज्याला दुखतंय त्याला पैला रामराम."

पण गावाला त्यांचं खरं वेड वाटायचं ते दुसरंच. त्यांना खोटं लिहिता यायचं नाही. बोलता येत नव्हतं असं मी म्हणत नाही. पाहुण्याला "जेवून जा" एवढं खोटं ते बोलत असतील. पण कागदावर सही करायची म्हटली की त्यांचा हात अडायचा. एका मोठ्या जमीनदारानं बाजारात विकायला बैल आणला आणि दाखला मागितला की बैल पाच वर्षांचा आहे, धडधाकट आहे. साहेबांनी बैलाचे दात पाहिले आणि लिहिलं: 'बैल म्हातारा आहे. स्वभाव फार चांगला आहे.' जमीनदार भडकला. तो कागद त्यानं भर बाजारात मोठ्यानं वाचून दाखवला, सलोत्र्याची फजिती व्हावी म्हणून. ठाणाकुशनूरकडचा एक शेतकरी गर्दीतून पुढं आला आणि म्हणाला, "मला असलाच पायजे. माझा दुसरा बैल लई खोडकर हाय, त्याला वळण लावायला म्हाताराच बरा." बैल तिथल्या तिथं विकला गेला. साहेब हसले नाहीत, की ऐट केली नाही. एवढंच म्हणाले, "जनावराला खोटं बोलता येत न्हाई, अन् मी जनावरांच्या खात्यात हाय."

मला वाटायचं, मोटारसायकल हेही असंच एक खूळ. लहानपणची हौस, पन्नाशीत भागवलेली. सगळ्या गावाला तसंच वाटायचं. खरी गोष्ट मला अक्कांनी सांगितली, ती मी तिथं राहायला गेल्यावर वर्षभरानं.

शाळेला सुटी लागली होती आणि मी कलबुर्गीला जाणार होते. मी सहज म्हटलं, "अक्का, तुम्हीही चला की बसनं. बाजार करू, संध्याकाळी परत." अक्का भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"बसमदी मला बसता येत न्हाई, बाई."

"का? मळमळतं?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मग बोलायला लागल्या. "रझाकारांच्या सालात आमी हितनं पळालो. माझं माहेर मादन हिप्परगा, तिथं माझ्या भावाकडं गेलो. तिथं बी राहायची सोय न्हाई उरली. मग भावानं गाडी जुपली सोलापूरला जायला. मला गाडीत निजवलं अन् वर कडबा रचला. कुणाला दिसू नये म्हणून. दोन दिवस, बाई. कुणी गाडी थांबवली की मी श्वास बी घेत नव्हते. एकदा कुणीतरी कडब्यात काठी खुपसून बघितली. माझ्या कानापासनं गेली. सोलापूर आलं तवा मला उचलून काढावं लागलं. तवापासनं छप्पर असलेल्या गाडीत बसलं की छातीत कडबा भरतोय. बैलगाडीत बसलं तरी तसंच, अंधाऱ्या बंद जागेत बी तसंच. चालत मी कुठंबी जाईन. पण गाडीत न्हाई."

"मग माहेरी?"

"चार वर्षं झाली. गेले न्हाई."

"भावाला माहीत आहे का हे?"

त्यांनी एकदम वळून माझ्याकडं पाहिलं. "ज्यानं जीव वाचवला त्यालाच सांगू, की तुझ्या कडब्यात मी अजून घुसमटायलेय? त्याला काय वाटंल? तो म्हणतो, बहीण साहेबीण झाली, माहेर इसरली. म्हणू दे."

मोटारसायकल साहेबांनी आणली होती ती यासाठी. एकदा कलबुर्गीच्या बसमध्ये अक्का ओरडत उतरल्या होत्या, लोक हसले होते. त्यानंतर साहेब काही न बोलता सिकंदराबादेला गेले आणि पंधरा दिवसांनी ही घेऊन आले. दारात उभी केली आणि म्हणाले, "बघ. हिला ना छत हाय, ना भिंत."

पहिल्या महिन्यात साहेबांच्या मागं बसून अक्का गावच्या वेशीपर्यंत गेल्या, दुसऱ्या महिन्यात माणिकनगरच्या देवळापर्यंत. माहेरी मात्र नाही; फटफटीवर गेलं की गाडी का नको, हे भावाला सांगावं लागलं असतं. आणि मग एका रविवारी, गाडी जोडता जोडता, त्यांनी नवऱ्याला विचारलं, "जिथं आडवं काहीच न्हाई, अशी जागा असती का हो कुठं?"

साहेब विचार करून म्हणाले, "समुद्र. मी बी बघितला न्हाई."

समुद्र बघायला जायचं ठरलं ते असं. कारवारकडचा समुद्र, साडेतीनशे मैलांवरचा. साहेबांनी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज केला. कारणाच्या ठिकाणी लिहिलं: 'पत्नीसह मोटारसायकलवरून समुद्र पाहणे.'

अर्ज परत आला. शेरा होता, कारण योग्य लिहावे. साहेबांनी दुसऱ्या कागदावर तेच कारण अधिक चांगल्या अक्षरात लिहिलं. तोही परत आला. दवाखान्यातला कंपाउंडर हात जोडून म्हणाला, "साहेब, ताप लिवा. समदे तापच लिवत्यात." साहेब म्हणाले, "ताप न्हाई रे मला." तिसराही परत आला. तोवर गावभर झालं होतं की सलोत्र्याला बायकोला घेऊन हवा खायला जायचंय आणि सरकार सोडत नाही. पोरं मागून 'भर्रर्र' करून ओरडायची.

अक्कांच्या भावाच्या कानावरही हे गेलं. तो एका दुपारी हिप्पर्ग्याहून आला. दांडगा, पटकेवाला शेतकरी, आवाज असा की ओसरीवरचं चिमण्यांचं जोडपं उडून गेलं. पाणीसुद्धा न पिता उभ्या उभ्या बोलला. "माहेराला यायला तुला गाडी चालत न्हाई. मी तीनदा गाडी पाठवली, तीनदा रिकामी आली. अन् आता लोकांपुढं नवऱ्याच्या पाठीला चिकटून फटफटीवर दुनिया हिंडायला चाललीस? जा. पण माझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नको."

अक्का दाराला टेकून उभ्या होत्या. भाऊ साहेबांकडं वळला. "दाजी, तुमी तर बोला. ही आमच्याकडं कामून येत न्हाई? आमचं काय चुकलं?"

साहेबांनी तोंड उघडलं. अक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं. साहेबांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "पाव्हणं, मला इचारू नका. खोटं मला बोलता येत न्हाई, अन् खरं बोलायची परवानगी न्हाई."

भाऊ पटका सावरत निघून गेला. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः काष्टा मारून अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "बिदरला चला. तुमच्या साहेबाला मी इचारते."

बिदरची ही भेट मी त्या दोघांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथं खुर्चीत बसले होते असं मला वाटतं. जिल्ह्याचे अधिकारी मूळचे हैदराबादचे, पिकल्या मिशांचे, निवृत्तीला आलेले. पुढ्यात तिन्ही अर्ज.

"क्या सलोत्री साब, बुखार लिख देते तो अब तक समंदर देख के वापस आ जाते थे ना जी?"

"बुखार नहीं है साहब."

"तो साले की शादी?"

"हो गई साहब. मैं खुद खाना परोसा."

अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि अक्कांकडं वळले. "बाई, आप तो समझाओ इनको."

अक्का आयुष्यात कुठल्या अधिकाऱ्याशी बोललेल्या नव्हत्या. पदर सावरून म्हणाल्या, "मैं क्या समझाऊँ साहब. अठरा साल से मेरे हाथ का सालन खा रहे. नमक जास्ती हुआ तो जास्ती हुआ बोलते. मेरे वास्ते झूठ नहीं बोले, सरकार के वास्ते कैसा बोलेंगे?"

अधिकारी इतके हसले की बाहेरचा चपराशी आत डोकावला. मग त्यांनी त्याला दार लावायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मैं हर साल आमों के मौसम में छुट्टी लेता हूँ. हर साल लिखता हूँ, सास बीमार है. मेरी सास अट्ठाईस बार बीमार पड़ी. अल्ला का फजल है, आज भी मेरे से जास्ती आम खाती." त्यांनी पेन उचललं आणि तिसऱ्या अर्जावर उर्दूत लिहिलं: मंजूर. वजह दुरुस्त है. म्हणजे, कारण योग्य आहे.

तो कागद साहेबांनी पुढं चौकट करून भिंतीवर लावला होता.

संक्रांत झाल्यावर ते निघाले. मागच्या बाजूला पेट्रोलचा डबा, कांबळं, औषधाची पेटी, आणि एका पिशवीत साठ कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. बसस्टँडवर ही गर्दी. लॉरीवाले हॉटेलातून चहाची बशी हातात धरून बाहेर आलेले. एकजण म्हणाला, "कमलापूर गाठलं तरी लई झालं." साहेबांनी गॉगल डोळ्यांवर ओढला आणि त्याला म्हणाले, "मला बी पक्कं म्हाईत न्हाई." अक्का मागं बसल्या होत्या, दोन्ही पाय एका बाजूला, नजर खाली.

त्यांची पत्रं मला यायची. साहेबांचं पत्र म्हणजे दाखलाच. 'भीमेवर नाकेदाराने सामान विचारले. भाकऱ्या चोपन्न सांगितल्या. त्याने मोजल्या. चोपन्नच होत्या. नावाडी गाडी नावेत घेईना, बैल बुजतात म्हणाला. त्याच्या बैलाच्या खुरात काटा होता. काढला. मग घेतली.' आणि दुसरं: 'विजापूर. गोल घुमट पाहिला. ही आत आली नाही. आम्ही दोघांनी बाहेरून पाहिला. बाहेरूनही फार मोठा आहे.' हे पत्र वाचून शाळेतल्या बाई हसल्या. मी हसले नाही. अक्का आत का गेल्या नाहीत, हे मला माहीत होतं. आणि एकट्यानं आत जाऊन घुमटाचा तो प्रसिद्ध आवाज ऐकून येणं त्यांना सहज जमलं असतं, ते का गेले नाहीत, हेही माहीत होतं.

मग आठ दिवस काही नाही. आणि मग दवाखान्यात तार आली: म्हशीने लाथ मारली. उजवे मनगट मोडले. रजा चार दिवस वाढवावी.

गावाला एवढं पुरलं. कुणी म्हणालं, म्हैस आडवी आली आणि गाडीखाली सापडली. कुणी म्हणालं, बाई गेली. हाताशिवाय फटफटी कशी चालवणार, म्हणजे गाडी टाकून रेल्वेनं येणार, हे मात्र सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला एकटीलाच ठाऊक होतं की अक्का रेल्वेच्या डब्यात बसू शकणार नाहीत. त्या दिवसांत मला रात्रीची झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला. बैलगाडी घेऊन, गाडीवर नवं छप्पर घालून, आत गादी टाकून. ओसरीवर बसला. या खेपेला आवाज नव्हता. "मास्तरीणबाई, मी बोललो ते रागात बोललो. कलबुर्गीच्या ठेशनावर उतरली तर तिथनं तिला आणायला कुणीतरी पायजे ना?" मी चहा दिला, तो त्यानं थंड होऊ दिला. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं बैल जुपले आणि स्टेशनवर निघायला उठला.

तेवढ्यात कलबुर्गीच्या बाजूनं तो आवाज आला.

आमच्या गल्लीला तो आवाज पाठ होता. पण आज त्यात काहीतरी वेगळं होतं. साहेब गिअर बदलताना गाडी गुरगुरायची, आज ती गुळगुळीत येत होती. मी आणि भाऊ रस्त्यावर धावलो. दुकानांतून लोक बाहेर आले. वळणावरून धुळीचा लोट आला आणि त्यातून गाडी. पुढं अक्का होत्या. काष्टा मारलेला, पदर कमरेला खोचलेला, साहेबांचा गॉगल डोळ्यांवर, तोंड उन्हानं काळवंडलेलं, मान ताठ. मागं साहेब, गळ्यात हात अडकवलेला, डाव्या हातात औषधाची पेटी.

गाडी बसस्टँडवर आली. मग तो चहाच्या बशीवाला लॉरी ड्रायव्हर, कमलापूर गाठलं तरी लई म्हणणारा, पुढं झाला, आणि त्यानं आपल्या लॉरीचा भोंगा दाबला. दाबूनच ठेवला. दुसऱ्यानं दाबला. तिसऱ्यानं. हुमनाबादच्या स्टँडवर उभ्या असतील तेवढ्या सगळ्या लॉऱ्या ओरडायला लागल्या, आणि त्या गदारोळातून अक्का गाडी घरापर्यंत घेऊन आल्या.

काय झालं होतं ते त्या दिवशी ओसरीवर कळलं. यल्लापूरच्या पुढं, घाटमाथ्यावरच्या एका खेड्यात, म्हैस दोन दिवस अडली होती. साहेब रजेवर होते, तरी उतरले. पारडू सुखरूप बाहेर आलं आणि म्हशीनं आनंदानं की रागानं, मनगटावर लाथ घातली. समुद्र पस्तीस मैलांवर, घाटाखाली. गावकरी म्हणाले, बैलगाडीत घालून हुबळीला पोचवतो. साहेब म्हणाले, "मी जातो गाडीतनं. ही..." आणि थांबले. अक्कांनी बैलगाडीकडं पाहिलं, मोटारसायकलीकडं पाहिलं.

"मी इचारलं ह्यांना," अक्का सांगत होत्या, "टेकूवरनं खाली घेतली तर काय वेगळं व्हतंय? हे म्हणाले, लई वेगळं व्हतंय. पडशील बी. मी म्हटलं, मग खरं सांगितलंत ते बरं केलंत. बसा मागं."

साहेबांच्या मनगटाला तिथल्या वैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हुबळीला नंतर गेलं तरी चालेल असं सांगितलं, आणि अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा चाक जमिनीवर ठेवून गाडी हाकली. पहिल्या शंभर पावलांत दोनदा पडल्या. गावकऱ्यांनी दोनदा उचललं. मग घाट. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला रान, आणि मागून साहेब कानात, "मूठ. आता सोड. आता न्हाई, आता." अर्ध्या घाटात साहेब गप्प झाले. अक्कांनी विचारलं, बोलत का न्हाई? साहेब म्हणाले, "सांगायला काय ऱ्हायलं न्हाई."

"आन् समुद्र?" मी विचारलं.

अक्का हात दोन्ही बाजूंना लांब पसरून म्हणाल्या, "बाई, आडवं काहीच न्हाई. मी वाळूत बसले अन् श्वास घेतला. चार वर्षांत पैल्यांदा पोटापातूर गेला."

भाऊ ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होता. "श्वास?" तो म्हणाला. "कसला श्वास? तंगेव्वा, तुला काय झालंय?" तंगेव्वा म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

अक्कांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. आणि अक्कांनी भावाला सांगितलं. कडबा, काठी, दोन दिवस, आणि तीनदा रिकामी परतलेली गाडी. सांगताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. हललं ते भावाचं तोंड. त्या दांडग्या माणसानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला आणि त्यात डोळे पुसले.

"मी तुला त्यात घातलं," तो म्हणाला.

"तू मला त्यातनं बाहेर काढलंस, अण्णा. जिवंत काढलंस. म्हणून तर समुद्र बघितला."

मग भाऊ उठला, दाराशी उभ्या असलेल्या, नवं छप्पर घातलेल्या आपल्या गाडीकडं गेला आणि छपराच्या दोऱ्या सोडायला लागला. त्यानं छपराची ताटी उतरवून भिंतीला लावली. "आता उघडी हाय," तो म्हणाला.

अक्का हसल्या. "ऱ्हाऊ दे. तुझ्या गाडीतनं दाजी येतील, त्यांचा हात मोडलाय. तू माझ्या मागं बस."

"मी?"

"माहेराला जायचंय मला. वाट तू दाखव."

साहेबांच्या वाढवलेल्या रजेचा एक दिवस अजून बाकी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. अर्धं गाव वेशीपर्यंत. भावानं पटक्याचा शेव हनुवटीखाली गाठ मारून बांधला, बहिणीच्या मागं बसला, आणि डोळे गच्च मिटले. मागं बैलगाडीत साहेब, एका हातानं कासरा धरून, बैलांशी कानडीत गप्पा मारत. गाडी सुरू झाली. भावाचा तो मोठा आवाज आम्हाला लांबपर्यंत ऐकू येत होता. "हळू, तंगेव्वा! हळू गं! अगं बैल न्हाईत हे!"

वळणाआड गाडी गेली. धूळ खाली बसली. आणि मग पलीकडून, बऱ्याच लांबून, पुन्हा तोच आवाज आला. या वेळी तो ओरडत होता, "आणखी जोरात!"